पुसलेला बाण

कर्बीला त्या सकाळी एकच काम होतं, आणि ते एखाद्या करडालाही जमलं असतं. तोंडाने ‘म्यॅ’ करायचं. वेळेवर करायचं. बस्स.

बाकीचं सगळं मामा करणार होता. मामा म्हणजे सेल्मर स्कार, कर्बीच्या आईचा थोरला भाऊ. वय चौऱ्याहत्तर, आणि त्यातले एकावन्न हंगाम हातात धनुष्य. तेही लाकडी. नव्या धनुष्यांसारखी त्याला दोरी ओढायला चाकं नाहीत, नेम धरायला काचेतला ठिपका नाही, काही नाही. बाणांना रानटर्कीची पिसं, ती त्याने स्वतः कापून स्वतः चिकटवलेली. विस्कॉन्सिनच्या ह्या घळीघळींच्या मुलखात सेल्मरच्या नावाला वजन होतं, ते काही भिंतीवरच्या शिंगांमुळे नव्हतं. शिंगं सगळ्यांच्याच भिंतीवर असतात. बायको सोडून गेलेल्याच्या भिंतीवर जरा जास्तच असतात. सेल्मरला लोक मानायचे, कारण एकावन्न वर्षांत त्याने एकही जनावर अर्धवट जखमी करून रानात कुजायला सोडलेलं नव्हतं. नेम पक्का नसेल तर तो बाण सोडतच नसे. दर वसंतात चर्चच्या मागच्या मैदानात पोरांना तो हेच शिकवायचा. कर्बीही तिथेच शिकला होता, अकरा वर्षांचा असताना, बाप घर सोडून गेला त्या वर्षी.

आणि हा मामाचा शेवटचा हंगाम होता. सहा डिसेंबरला त्याच्या हृदयाची झडप बदलायची होती. छाती उभी चिरायची. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, त्यानंतर धनुष्याची दोरी ओढायचं मनातही आणू नका.

“क्रॉसबो घे की मग,” कर्बी म्हणाला होता. “कायद्याने चालतं आता.”

“ती बंदुकीची सावत्र बहीण,” मामा म्हणाला. “घोडाच दाबायचा असता तर मी सख्खी आणली नसती?”

झाडावर चढणं गेल्या वर्षीच बंद झालं होतं, म्हणून जमिनीवरचं लपण. ऑगस्टमध्येच दोघांनी ते कापडी लपण घळीच्या तोंडाशी उभं केलं, वर ओकच्या डहाळ्या बांधल्या, आणि अडीच महिने तसंच सोडलं, म्हणजे हरणांना ते जन्मापासून तिथंच आहे असं वाटावं. आतून सगळं काळं. आत बसणाऱ्यानेही काळंच घालायचं, तोंडाला काळं फासायचं. तीन खिडक्या बंद, समोरची तेवढी हातभर उघडी. दोन घडीच्या खुर्च्या. कॉफी बंद, कारण वास. खोकला बंद. लघवीला बाटली.

ज्या नरासाठी हे सगळं चाललं होतं त्याचं नाव टोरवाल्ड. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात एखादा नर दोन-तीन वर्षं दिसत राहिला की आमच्याकडे त्याचं बारसं होतंच. खरा टोरवाल्ड हा चीजच्या कारखान्यातला जुना मुकादम. मान खाली घालून, कुणाकडे न बघता, सगळं जग आपलं देणं लागतं अशा चालीने चालायचा. हा नरही तस्साच. साडेसहा वर्षांचा, मान बैलासारखी, पाठ मध्ये खोल गेलेली. तो तीन वर्षांचा असताना मामाच्या झाडाखालून गेला, मामाने जाऊ दिला. चार वर्षांचा असताना बारा पावलांवर आडवा उभा राहिला, तरी मामाने दोरी ओढली नाही. “मिसरूड फुटू दे,” म्हणाला. साडेसहाला येईपर्यंत वाट बघितली. एवढी कळ आजकाल कोण काढतो? टीव्हीवर शिंगं बघून वेडे झालेले लोक विमानाने येतात, भाड्याच्या मचाणावर बसतात, दिसेल ते मारतात आणि फोटोत दात काढतात.

त्यातलाच एक मामाच्या कुंपणापलीकडे होता. शिकागोचा दातांचा डॉक्टर. पलीकडची अख्खी टेकडी त्याने विकत घेतली, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायवाटेवर तारा ओढल्या आणि दर वीस पावलांवर ‘आत येऊ नये’ अशी नारिंगी पाटी ठोकली. वर्षातून तो राहायचा नऊ दिवस. बाकीचे दिवस पाट्या राहायच्या.

तर नोव्हेंबरची चार तारीख, गुरुवार. उजाडताना कडाक्याचं हिव पडलं होतं, गवत पांढरं. नर माजावर आलेले. मामाने हातमोजा काढला, बाण दोरीवर ठेवला आणि कर्बीच्या कानाशी तोंड आणलं.

“तुझं काम काय?”

“म्यॅ करायचं.”

“कधी?”

“तो पडलेल्या ओंडक्याशी आला की.”

“का?”

“मामा, मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे.”

“म्हणूनच विचारतोय. का?”

“म्हणजे तो थांबेल. चालत्या जनावरावर बाण सोडायचा नाही.”

“माझ्याने तीन मोजण्यापुढे दोरी धरवत नाही आता,” मामा म्हणाला. “आणि ओढताना श्वास कोंडला की तोंडातून आवाज फुटत नाही. तू आवाज दिलास की तो थांबणार, थांबला की मी सोडणार. शिंगं बघायची नाहीत. शिंगं बघितली की माणूस खुळा होतो. खांदा बघायचा.”

“बरं.”

“बरं काय बरं. बायको बघायला गेला होतास तेव्हाही असंच बरं म्हणाला होतास.”

कर्बीला हसू आलं, ते त्याने बाहीत दाबलं. त्याचा घटस्फोट होऊन पाच वर्षं झाली होती, आणि त्यावर थट्टा करायची मुभा जगात फक्त मामाला होती.

पावणेआठच्या सुमारास आधी मादी आली. तुरुतुरु, मागे बघत. ती ओंडक्याजवळून गेली आणि मग पाल्यात पावलं वाजली. जड, सावकाश. टोरवाल्ड मान खाली घालून तिच्या वासावर येत होता. अठरा पावलं. मामाने दोरी ओढली. कर्बीला ते दिसलं नाही, नुसता लाकडाचा बारीक करकर आवाज आला. टोरवाल्डचं नाक ओंडक्याशी आलं.

आणि कर्बी शिंगं मोजत होता.

पुढे कितीतरी दिवस त्याने स्वतःला हे वेगवेगळ्या तऱ्हेने सांगून बघितलं. घसा सुकला होता, आवाज फुटला नाही, मादी बघत होती. सगळी थापेबाजी. घडलं ते एवढंच की तो दाराआडून मिठाई मोजणाऱ्या पोरासारखा मोजत होता. पाच, सहा, सात, ते मागचं वाकडं धरून आठ, आणि नवव्या टोकाशी शेजारून दोरी सुटल्याचा आवाज आला.

टोरवाल्ड चालत होता. बाण बरगड्यांच्या मागे लागला. पिकल्या कलिंगडावर थाप मारावी तसा पोकळ आवाज झाला. नराने पाठ कमानीसारखी वर घेतली, चार उड्या मारल्या, आणि मग चक्क चालत, पाय ओढत, तो झुडपांत शिरला.

मामा खुर्चीत मागे टेकला होता. तोंडाचा काळा रंग घामाने ओघळला होता, छाती भात्यासारखी चालली होती. त्या हातभर खिडकीतून, दोरी सुटण्याच्या धक्क्यात, बाण कुठे लागला ते त्याला दिसलं नव्हतं. दिसलं कर्बीला.

“कुठे?” मामाने विचारलं. “कर्बी, कुठे लागला?”

कर्बीने त्याच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं: मागे लागला, मामा, पोटात. मग मामा म्हणाला असता, संध्याकाळपर्यंत कुणी हलायचं नाही. पोटात लागलेल्या जनावराला निदान आठ तास द्यायचे असतात. ते जवळपासच कुठेतरी आडवं होतं, आणि कुणी उठवलं नाही तर तिथेच, निवांत, मरतं. उठवलं तर दोन मैल जातं आणि सापडत नाही. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ‘पोटात’ म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता: तो थांबला नव्हता का? तू आवाज दिला नाहीस का?

“फुफ्फुसात,” कर्बी म्हणाला. “मस्त लागलाय, मामा.”

मामाने डोळे मिटले. हातमोज्याने तोंड पुसलं, त्याने रंग आणखीच पसरला. “देवा रे,” म्हणाला. इतकंच.

खोटं बोलणारा माणूस नेहमी दुसऱ्याच्या भल्यासाठीच बोलतो, विचारा कुणालाही. कर्बीनेही त्या वेळी स्वतःला हेच सांगितलं की म्हाताऱ्याचं काळीज कमजोर आहे, त्याला दहा मिनिटं सुखाची मिळू देत.

वीस मिनिटांनी तो बाण बघायला बाहेर पडला. बाण आरपार जाऊन ओंडक्यापलीकडे मातीत रुतला होता. उपटला. काडी तपकिरी हिरव्या चिकट घाणीने माखलेली, तिला चावलेल्या ओकच्या फळांचे कण, आणि तो वास. तो वास एकदा आला की विसरत नाही. कर्बीने मागे पाहिलं. लपणाच्या काळ्या खिडकीतून मामाचा चेहरा दिसत नव्हता, पण तो बघत असणार. कर्बी पाठ फिरवून गुडघ्यावर बसला, मूठभर ओला पाला घेतला आणि बाण पुसला. पातं पुसलं, काडी पुसली, मग पँटला पुसली. भात्यात खुपसला. उभं राहून त्याने अंगठा वर केला.

“फेस आहे, मामा! गुलाबी फेस!”

मामाने बाण बघायलाही मागितला नाही. ज्याला आपण शिकवलं त्याचा शब्द होता. तो लपणातून वाकून बाहेर आला, कंबर धरून सरळ झाला आणि म्हणाला, “चल मग. फुफ्फुसात लागलाय म्हणजे शंभर पावलांच्या आत पडला असेल.”

अजूनही वेळ गेलेली नव्हती. कर्बीला म्हणता आलं असतं, थोडं थांबू, तू जरा दम खा. तो म्हणाला, “चल.”

पहिली चाळीस पावलं नुसत्या खुरांच्या खुणा. मग एका पानावर रक्ताचा थेंब, काळपट.

“रक्त कमी आहे रे.”

“वरच्या अंगाला लागलाय. आतल्या आत भरत असेल.”

“हं.”

आणखी साठ पावलं. मामा दर दहा पावलांना झाडाला हात टेकायचा. पुन्हा एक थेंब. मामा त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. घळ संपून कुंपणाकडे चढ लागतो तिथे काटेरी बेरीचं जाळं आहे. त्याच्या कडेला कर्बीचा पाय काटकीवर पडला, आणि जाळ्यातून टोरवाल्ड उठला.

सावकाश उठला. आधी मागचे पाय, मग पुढचे, म्हाताऱ्या गाईसारखा. त्याने दोघांकडे पाहिलं. पाठ वाकलेली, शेपटी खाली दाबलेली, तिच्याखालचं पांढरं दिसत नव्हतं. मग तो चढ चढून गेला आणि कुंपणाशी त्याने उडी मारली. मागचा खूर वरच्या तारेला अडकला, तार टणकारली. पलीकडे नारिंगी पाट्यांमधून तो चालत गेला आणि दिसेनासा झाला.

मामा जाळ्यात शिरला, जिथे हरीण बसलं होतं तिथे गुडघ्यावर टेकला. पाला दबून खोलगट झाला होता, अजून ऊन होता. त्यात वाटीभर काळं रक्त, आणि त्यात हिरवं.

“बाण दे.”

“मामा—”

“बाण दे म्हटलं.”

कर्बीने दिला. मामाने पातं पाहिलं, काडीवरून बोट फिरवलं. स्वच्छ होती. मग त्याने बाण उलटा केला आणि पिसं नाकाशी धरली. बराच वेळ धरून ठेवली.

“काडी पुसता येते,” तो म्हणाला. “पिसं पुसता येत नाहीत.”

“मला वाटलं, मामा, तुझ्या काळजाला...”

“माझं काळीज माझ्यापाशी आहे. त्याला मध्ये घालू नको.” त्याचा आवाज चढला नव्हता. “तुला नीट कळलं नसतं तर गोष्ट वेगळी होती. माणूस चुकतो. पण तुला कळलं होतं, म्हणून तर पुसलास.”

“जवळच पडला असेल असं वाटलं. झटकन सापडेल, आणि मग...”

“इथेच होता तो. इथे, ह्या पाल्यावर. संध्याकाळी आलो असतो तर इथेच पडलेला असता, आणि त्याला कळलंही नसतं आपण होतो म्हणून.” मामा उठायला गेला, जमलं नाही. कर्बीने हात पुढे केला. मामाने तो धरला नाही, बेरीच्या काटेरी फांदीला धरून उठला.

परवानगीशिवाय पलीकडे पाऊल टाकता येत नाही. कायदाच आहे, आणि मामा कायदा पाळणारा माणूस. घरी येऊन त्याने डॉक्टरच्या राखणदाराला फोन लावला. वेंडेल त्याचं नाव. गावातलाच, मामाच्याच हाताखाली धनुष्य शिकलेला. साहेबाला विचारून त्याने तासाभराने उलट फोन केला.

“सेल्मर, मी सोडलं असतं रे तुला,” वेंडेल म्हणाला. “पण साहेबाचे पाहुणे येतायत उद्या. शनिवारभर ते बसणार. रान ढवळायचं नाही अशी सक्त ताकीद आहे.”

“जखमी जनावर आहे, वेंडेल.”

“मी सांगितलं त्यांना. ते म्हणाले, रविवारी दुपारनंतर.”

“दाढ दुखते म्हणून गेलो तरी रविवारी दुपारनंतरच ये म्हणेल का तो?”

“माझ्यावर कशाला चिडतोस? मी पगारी माणूस.”

“तुझ्यावर नाही चिडलो,” मामा म्हणाला आणि फोन ठेवला. कुणावर चिडला होता ते त्याने सांगितलं नाही. कर्बी स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

मग तीन दिवस मामा एक प्लास्टिकची बादली उलटी घालून कुंपणाशी बसला. अलीकडच्या बाजूला. सकाळी यायचा, अंधार पडायच्या आत जायचा. शुक्रवारी कर्बी दुधाचा टँकर कारखान्यात रिकामा करून थेट तिकडे आला, थर्मास घेऊन.

“कशाची वाट बघतोस, मामा?”

“डोमकावळ्यांची.”

“थंडी आहे. डॉक्टरीणबाई ओरडेल.”

“ओरडू दे. तिला सांग, कॉफी प्यायलो म्हणून.”

कर्बी तासभर शेजारी उभा राहिला. हा आता विचारेल, असं त्याला दर क्षणी वाटत होतं. तू आवाज दिलास का, एवढंच तर विचारायचं होतं. मामाने घराच्या पन्हळींचं विचारलं, आईच्या गुडघ्याचं विचारलं, टँकरच्या क्लचचं विचारलं. ते मात्र नाही.

शनिवारी सकाळी पलीकडच्या घळीवर कावळे फिरू लागले. आधी दोन, मग सहा. पाण्याच्या झऱ्यावर. पोटात लागलेलं जनावर पाण्याकडेच जातं. मामाने बादलीवरून ते दिवसभर बघितले. पाहुण्यांच्या बाजूने एकदा बंदुकीसारखा दरवाजा आपटल्याचा आणि हसण्याचा आवाज आला. संध्याकाळी कोल्हे ओरडले, तेही तिथूनच.

रविवारी अडीच वाजता वेंडेलने फाटक उघडलं. बरोबर यायची त्याला लाज वाटली, तो गाडीतच बसला. टोरवाल्ड झऱ्याच्या कडेला होता, पुढचे पाय पाण्यात. मागची बाजू कोल्ह्यांनी संपवली होती, डोळे कावळ्यांनी. उरलेलं मांस हिरवं पडलं होतं. दर वर्षी मामा अर्धं मांस शेजारच्या आर्डिस बाईंना द्यायचा. त्यांचा नवरा गेल्यापासून एकही हिवाळा चुकवला नव्हता. ह्यातलं कुत्र्यालाही घालता आलं नसतं.

पाण्याजवळच्या चिखलात खुणा होत्या. तो तिथे आल्यावर लगेच मेला नव्हता. तीन ठिकाणी बसला होता, तीन ठिकाणाहून उठला होता. मामाने तिन्ही जागा वाकून बघितल्या. कर्बीला बघाव्याशा वाटल्या नाहीत, पण बघितल्या.

शिंगांना अकरा टोकं होती. कर्बीच्या मोजण्यात दोन राहिली होती.

मामाने खिशातून परवाना काढला.

“काय करतोस?” कर्बी म्हणाला.

“नोंद.”

“ह्याची? मामा, हे... हे काय आहे! हे काय मोजायचं? तुझ्याकडे अजून महिना आहे. सहा तारखेपर्यंत रोज बसू. तो सात टोकांचा आहे ना, खालच्या घळीतला, तो येईल. कुणी विचारणार नाही तुला.”

“कुणी विचारलं नाही म्हणजे मी मारला नाही?”

“तुझा शेवटचा हंगाम आहे!”

“होता,” मामा म्हणाला. “एका परवान्यात एक नर. हा माझा नर.” त्याने झऱ्याच्या पाण्यात हात धुतले, बर्फासारख्या पाण्यात, सावकाश, बोटाबोटांच्या मधून. “हा तीन वर्षांचा असल्यापासून मी ह्याला ओळखतो. ह्याच्या मरणाला मी ‘हे मोजायचं नाही’ म्हणू?”

नोंद आता फोनवरही होते, पण मामाच्या वयाचे लोक अजून पेट्रोल पंपावरच्या दुकानात जातात. तिथे भिंतीवर फळा आहे. नाव, वजन, टोकं, किती पावलांवरून मारला, किती पावलं गेला. कॉफीच्या टेबलाशी ह्या फळ्यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी जमिनीवरूनही होत नसतील. रविवारी संध्याकाळी दुकान भरलेलं होतं. मामा शिंगं हातात घेऊन आत आला तसा एकच गलका झाला.

“आला रे आला, टोरवाल्ड आला!” लोवेल म्हणाला. तो मामाचा शाळेतला सोबती. “सेल्मर, लेका, केलंस तू! आता तरी मर सुखाने!”

“धड कुठाय?” गल्ल्यावरच्या बेव्हने विचारलं. तिच्या हातात खडू तयार होता.

“नाही धड,” मामा म्हणाला. “कोल्ह्यांनी खाल्लं. गुरुवारी मारला, आज सापडला.”

गलका खाली बसला. कुणीतरी खुर्ची सरकवली.

“लागला कुठे होता?” लोवेलने हळू विचारलं.

“पोटात.”

“तुझा?” लोवेल म्हणाला. “पोटात? तुझा बाण?”

“माझाच. चालत्या जनावरावर सोडला. मग वेळ न देता मागे गेलो, उठवला त्याला.” मामाने हे सगळं फळ्याकडे बघत सांगितलं, दर वसंतात पोरांना सांगायचा त्याच आवाजात. “बेव्ह, वजनाच्या जागी रेघ मार.”

बेव्हने रेघ मारली. टेबलावरचा एक जण, पंचवीस-तिशीचा, तोही मामाचाच शिष्य, आपल्या कपात बघत राहिला. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. एकाने म्हटलं, “होतं असं, सेल्मर,” आणि त्याच्या त्या ‘होतं असं’मध्ये जी दया होती, ती कर्बीने ऐकली. एकावन्न वर्षांत ती मामाच्या वाट्याला कधी आलेली नव्हती.

कर्बी चिप्सच्या रॅकपाशी उभा होता. त्याने एक पाकीट उचललं, परत ठेवलं.

बाहेर गाडीत बसल्यावर मामाने शिंगं पायाशी ठेवली. काच वाफेने भरली होती. कर्बीने किल्ली लावली, फिरवली नाही.

“मामा, मी आवाज दिलाच नव्हता.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“मी तुझ्या शेजारी बसलो होतो. चंद्रावर नाही.”

“मग विचारलं का नाहीस? इतके दिवस!”

“विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस?” मामा म्हणाला. “तीन मोजून झाले, आवाज आला नाही. दोरी उतरवायला हवी होती मी. शेवटचा आहे म्हणून सोडला. ते माझं. तेवढं मी आत सांगितलं.”

“आणि बाकीचं? आत का नाही सांगितलंस बाकीचं?”

“ते मी सांगायचं नसतं.”

मामाने बाहीने त्याच्या बाजूची काच पुसली. दुकानाचं दार दिसत होतं. उजेड, फळा, लोवेलची पाठ, बेव्ह कॉफी ओततेय. दहा-बारा पावलं. दुकान बंद व्हायला अजून दोन तास होते. मामाने घाई केली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

कर्बीने दाराच्या कडीवर हात ठेवला. आत जाऊन काय म्हणायचं, ते त्याला शब्द न् शब्द ठाऊक होतं. जेमतेम चार वाक्यं. लोवेलने तोंड वासलं असतं, त्या पोराने मान वर केली असती, आणि उद्यापासून टँकर घेऊन गावातून जाताना प्रत्येक अंगणातून एक बोट वर झालं असतं. तो गेला, बाण पुसणारा.

काच पुन्हा वाफेने भरत गेली. आधी फळा दिसेनासा झाला, मग माणसं, मग नुसता पिवळा उजेड राहिला. कर्बीने किल्ली फिरवली.

रस्ताभर मामा डोळे मिटून होता. घराशी उतरताना त्याला शिंगं उचलायला वाकवेना. कर्बीने उचलून त्याच्या हातात दिली.

“सहा तारखेला पहाटे पाचला निघावं लागेल,” मामा म्हणाला. “दवाखाना लांब आहे. जमेल ना तुला?”

“जमेल की.”

“नाही, नसेल जमत तर आत्ता सांग. मी लोवेलला विचारतो.”

“जमेल, मामा,” कर्बी म्हणाला.

मामाने त्याच्याकडे पाहिलं. पानावरच्या काळपट थेंबाकडे पाहिलं होतं तसं, जरा जास्त वेळ. मग तो वळला आणि शिंगं छातीशी धरून, पायऱ्यांशी एकदा थांबून, आत गेला.